खारूताईचं हक्कसोडपत्र

बहिणीची माया जगात सगळीकडे आढळते. पण ती शंभर नंबरी असल्याचा दाखला फक्त दुय्यम निबंधक कार्यालयात मिळतो. त्याला हक्कसोडपत्र म्हणतात. त्यात बहीण 'राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता' वडिलांच्या जमिनीतला आपला हिस्सा भावाला सोडते. (भाऊही बहिणीला हिस्सा सोडू शकतो. आमच्या ओळखीच्या वकिलांनी असा कागद अठ्ठावीस वर्षांत एकदाच पाहिला. ती टायपिंगची चूक निघाली.)

माझा बालमित्र महेश्वर या बाबतीत फार हळवा. त्याचे वडील सिद्धलिंगप्पा गेल्या वर्षी वारले आणि मंगळवेढ्याजवळच्या सहा एकर काळ्या रानाच्या सातबाऱ्यावर तीन नावं चढली : आई निंगव्वा, महेश्वर आणि थोरली बहीण दानेश्वरी. आईच्या सहीची घाई नव्हती, ती घरातच असते. प्रश्न दानेश्वरीअक्काचा होता. तिला मंगळवेढ्यातच दिलेली. पेरणीपासून काढणीपर्यंत रानात तीच उभी असते. महेश्वरचं सोलापुरात फरशीचं दुकान आहे. रानात पाय ठेवून त्याला चार वर्षं झाली. पण त्याचा जीव रानात होता, आणि जीव असायला जाऊन यावं लागत नाही.

भाऊबीजेला सरळ कागद पुढं करणं त्याला रानटीपणाचं वाटलं. म्हणून त्याने संस्कारांचा मार्ग धरला.

आमच्या लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत टीव्हीवर 'दोन खारींची दिवाळी' नावाचं कार्टून लागलं होतं. खारूताई आणि तिचा धाकटा भाऊ भुरू यांच्यासाठी बाप एक जांभळाचं झाड ठेवून जातो. दोघं भांडतात आणि ऐन दिवाळीत खारूताई म्हणते, "भुरू, हे झाड तुझंच." बस्स. एवढ्यावर महेश्वर तेहतीस वर्षं सद्गदित होता. ते कार्टून त्याला इंटरनेटवर सापडलं. बेत असा की बहीणभावांनी ते बघायचं, अक्काला भरून येईल, मग सही. मला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. डोळे पुसायचा रुमाल आणि सहीचं पेन त्याने एकाच खिशात ठेवलं होतं.

महेश्वरच्या घरी ओवाळणी झाली. साडी आणि चादर दिली. शेंगापोळ्यांचं जेवण चालू असतानाच त्याने टीव्ही लावला.

मोठेपणी पाहिल्यावर त्या कार्टूनात काही तांत्रिक बाबी लक्षात आल्या. खारी कितीही पळाल्या तरी मागून तीच तीन झाडं जात होती. भुरूची शेपटी दर दोन मिनिटांनी रंग बदलत होती. ऐन दिवाळीत जांभळं पिकली होती. खारूताईचा आवाज बहुधा एखाद्या मध्यमवयीन गृहस्थांनी काढला होता. आम्हाला दोन तासांचं वाटलेलं ते कार्टून मुळात बावीस मिनिटांचं होतं.

पण गंमत म्हणजे दोघं खरंच रमले. "ही बघ, आता घसरती!" अक्का ओरडली आणि खार घसरली. महेश्वर पोट धरून हसला. त्या दहाएक मिनिटांत तो कागद विसरला होता, याला मी साक्षीदार आहे. (या साक्षीला कायद्यात किंमत नाही.)

मग तो प्रसंग आला. "भुरू, हे झाड तुझंच," खारूताई म्हणाली. महेश्वरने रुमाल काढला, पेनही बाहेर आलं.

"पण अर्धंच," खारूताई पुढं म्हणाली. "अर्धं माझं. उन्हाळाभर पाणी मी घातलंय."

आणि ती आपल्या फांदीवर जाऊन मजेत जांभळं खात बसली. समाप्त.

महेश्वरने शेवटची दोन मिनिटं पुन्हा लावली. खारूताई पुन्हा तेच म्हणाली.

"हे न्हवतं," तो म्हणाला. "हे बदललंय कुणीतरी. हल्ली जुन्या चांगल्या गोष्टींचे शेवट बदलतात की!"

"न्हाय रे," अक्का म्हणाली. "त्या दिवशी 'तुझंच' म्हणल्या म्हणल्या लाईट गेली. तू फटाके उडवायला पळालास. मी अंधारात बसून ऱ्हायले. चार मिनिटांत आली लाईट. संध्याकाळी परत लागलं, तवा मी बघितलं सगळं."

"मग मला सांगितलं का न्हाय?"

"सांगितलं की. तू म्हणालास, पोरींना कार्टून कळत न्हाय."

अक्काने ओवाळणीतल्या साडीखालून डोकावणारा कागद ओढला आणि सावकाश वाचला. 'राजीखुशीने' या शब्दावर तिने बोट ठेवलं.

"ही खुशी कुणाची, महेश?"

महेश्वरने पेन परत खिशात ठेवलं. कान मात्र लाल झाले होते. मी त्याला पहिलीपासून ओळखतो. त्याला खरोखर लाज वाटली होती आणि ती कुठं ठेवावी हे कळत नव्हतं.

"तुझा हिस्सा मला नगं," अक्का म्हणाली. "माझा मी सोडत न्हाय. सोमवारी तहसीलदाराकडं ये, वाटणीचा अर्ज देऊ. आणि काढणीला ये एकदा. रान कुटं हाय ते तरी दाखवते."

निंगव्वा इतका वेळ कोपऱ्यात जेवत होत्या. "मी बी केलती सही," त्या म्हणाल्या. "माझ्या भावानं साडी दिली. पोपटी. पयल्या धुण्यात रंग गेला." मग घास गिळून म्हणाल्या, "माझा हिस्सा कुणाला द्यायचा, ते मी अजून ठरवलं न्हाय."

महेश्वरच्या बायकोने, श्रीदेवीवहिनींनी, तत्काळ सासूबाईंच्या पोळीवर तुपाची आणखी एक धार सोडली.

सोमवारी महेश्वर खरंच मंगळवेढ्याला गेला. अर्ज दिला. येताना अक्काने बांधून दिलेलं ज्वारीचं पोतं घेऊन आला आणि आठवडाभर दुकानात गिऱ्हाइकांना ज्वारीबद्दल सांगत होता. त्याचं चांगलंच झालं म्हणायचं.

मला दोन बहिणी आहेत, एक जेऊरला, एक करमाळ्याला. दोघींच्या सह्या मी नऊ वर्षांपूर्वीच, राजीखुशीने, घेऊन ठेवल्या आहेत. म्हणून ही हकीकत मी त्यांना अजून सांगितलेली नाही. तुम्हाला सांगतो आहे. तुम्ही इथपर्यंत महेश्वरला हसत आलात, तर ही कथा आत्ताच आपल्या बहिणीला पाठवून द्या.

का? थांबलात का?