सतराव्या शिफारशीचं फरारी उत्तर

"माँजी, सरकार को छह महीने में जवाब देना ही पड़ता है।"

तो आवाज अजून माझ्या कानात आहे. जाड, शांत, पोटभर जेवून उठल्यासारखा. त्र्याहत्तर सालच्या थंडीत संसदेची एक समिती लोकांची गाऱ्हाणी ऐकायला भिवंडीच्या विश्रामगृहात उतरली होती. माझी मावशी बायजाबाई करंजवडीहून पडघ्यापर्यंत चालत, तिथून एसटीनं, अशी आली आणि थेट अध्यक्षांच्या टेबलापुढे उभी राहिली. गाऱ्हाणं एकच: गावात पोस्ट नाही. तिचा विठू बोटीवर खलाशी. त्याचं पत्र सात समुद्र ओलांडून सुखरूप पडघ्याला येतं, आणि पडघा ते करंजवडी या सहा मैलांत दमून बसतं.

अध्यक्षांचं ते वाक्य मी तिला मराठीत सांगितलं. मावशी म्हणाली, "म्हशीला दहा महिने लागतात नि सरकारला सहाच? अंगानं बरं दिसतंय सरकार."

पुढे समितीचा अहवाल आला. त्यात शिफारस क्रमांक सतरा: करंजवडीला शाखा डाकघर उघडावे. मग सहा महिने झाले, सात झाले. सरकारचं उत्तर काही आलं नाही, आणि इथे आमच्या ह्यांचा प्रवेश होतो.

नाव घ्यायचंच तर रीतीनं घेते:

मागावरच्या ताग्यात तुटका धागा सापडतो,
रामनाथरावांचा चष्मा मात्र रोज घरात हरवतो.

हे लूमच्या कारखान्यात कापड तपासायला आहेत. घरी मात्र गुप्तहेर. त्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी स्वतःचं वर्णन लिहून ठेवलंय, पुढच्या पिढ्यांची सोय म्हणून: "उंची पाच फूट चार इंच, विचारात असताना पाच-सहा. नजर घारीची. कान सशाचे. नाक स्वतःचे. दिवसाला हजार वार कापड या डोळ्यांखालून जाते आणि एकही दोष जिवंत सुटत नाही. जो धागा सोडत नाही, तो गुन्हेगार काय सोडणार?" खाली मदतनिसाचं नाव: कमळ. कंसात: स्वयंपाकही करते.

ह्यांनी भिंतीवर तक्ता लावला. शिफारस, मुदत, अहवालापासून उलटलेले दिवस. रोज चहाआधी जुना आकडा खोडायचा, नवा लिहायचा. दाराच्या एका बाजूला मी दूधवाल्याचे खाडे मांडायची, दुसऱ्या बाजूला हे सरकारचे. दूधवाला निदान शरमायचा.

"कमळ," हे एका सकाळी म्हणाले, "करंजवडीत पोस्ट कोणाला नको असेल?"

"कोणाला?"

"चीनला."

"चीनला करंजवडी माहीत तरी आहे का?"

"तीच तर चलाखी. माहीत नसल्याचं दाखवतात."

चीन आठवडाभर टिकला. मग पडघ्याच्या वाण्यावर संशय गेला, कारण गावाची पत्रं त्याच्या दुकानात थांबतात. पण वाण्यानं चौकशीला बसलेल्या ह्यांना गुळाचा खडा दिला आणि तो निर्दोष सुटला. शेजारचे मागवाले चाचा रोज तक्ता वाचून जायचे. "भाईजान, सरकार का जवाब और मेरी लूम की मोटर, दोनों आएँगे ज़रूर. बस, कब, ये मत पूछो."

ह्यांनी दिल्लीला अकरा पत्रं लिहिली. दोनशे पंच्याऐंशीव्या दिवशी एक आलं. टाइप केलेलं, चार ओळींचं: अर्जदार श्रीमती बायजाबाई यांना मार्चमध्येच पत्र पाठवून विचारणा केली आहे. त्यांचे उत्तर न आल्याने पुढील कार्यवाही थांबली आहे. डिसेंबरअखेर उत्तर न आल्यास शिफारस क्रमांक सतरा निकालात काढण्यात येईल.

डिसेंबरची दहा तारीख होती.

"खून!" हे ओरडले.

"कोणाचा?"

"पत्राचा! दिल्लीहून निघालं, मावशींना पोचलं नाही. मधल्या नऊशे मैलांत त्याला कोणीतरी गाठलंय."

"मावशीला विचारू या ना आधी."

"साक्षीदाराला शेवटी विचारतात, कमळ. पद्धत असते."

शुक्रवारी मागांना सुट्टी. आम्ही पडघ्याला उतरलो. शुक्रवारच पोस्टमन नवशाचा करंजवडीचा दिवस. तो सायकल हातात धरून आमच्याबरोबर चालू लागला, आणि ह्यांना वाटेत संशयित सापडला.

"गावात पोस्ट झालं तर तुझी सहा मैलांची फेरी बंद होईल. म्हणजे हेतू आहे!"

"साहेब, फेरी बंद झाली तर मी वज्रेश्वरीला जाऊन नारळ फोडीन नि कुंडात पाय सोडून बसंन."

ह्यांनी त्याच्या सायकलचे टायर तपासले, पंप तपासला, टोपी उलटी करून पाहिली. पिशवीला मात्र हात लावला नाही. "सरकारी टपाल. कायदा म्हणजे कायदा." नवशानं का कोण जाणे, पिशवी जरा पोटाशी घेतली. ह्यांनी वहीत लिहिलं: संशयिताचे पोट दुखते.

करंजवडीला पोचलो तेव्हा मावशी पुढच्या पडवीत नाचणी दळत होती. "या जावईबापू. कमळे, पाणी दे त्यांना. उन्हात काय शोधत आलात?"

"मावशी, गेल्या शिमग्याच्या सुमारास दिल्लीचं पत्र आलं होतं?"

"दिल्लीचं? माझ्याकडं दिल्लीचं कायबी आलं न्हाय."

"साक्षीदार खरं बोलतो," हे म्हणाले आणि भिंग काढून अंगणात वाकले. थोड्या वेळानं गोठ्याकडून आवाज आला, "सापडलं! दोघे होते. एकामागोमाग चालत गेलेत. पावलं अगदी लहान. उंची अंदाजे दोन फूट. कमळ, हे वेषांतर आहे!"

मागून शेळी ओरडली. ह्यांनी तिला गप्प राहायला सांगितलं.

मी मावशीसमोर जात्याला बसले. खुंट्याला दोघींचे हात लागले, दगड फिरायला लागला आणि मावशी गायला लागली. पहिली ओवी मारुतीला, दुसरी भावाला, तिसरी काळ्या पाड्याला. ह्यांनाही एक मिळाली:

जावई माझा शाना, शेळीच्या मागं जातो,
शेळी खाते पाला नि तो वहीत लिहितो.

मी हसले. पण हसता हसता काहीतरी टोचलं. लहानपणी या जात्यावर मी दर तिसरी ओवी विठूची ऐकली आहे. विठूचे केस, विठूची पावलं, विठूची बोट. आज चौदा ओव्या झाल्या, आणि त्यात शेळी आली, विठू आला नाही.

म्हणून मीच तिची जुनी ओवी धरली:

दूरदेशी माझा बाळ, कागुद त्याचा येतो,
वळचणीचा कावळा आधी हाका देतो.

मावशीचा हात थांबला. "ती नको. दुसरी म्हण."

आणि एवढ्यात तिची नजर पडवीच्या छपराकडे जाऊन परत आली. एखादी बाई उंबऱ्यात निजलेल्या मांजरीकडे बघते ना, जागी तर झाली नाही, तशी. मी वर पाहिलं. वळचणीच्या पेंढ्यात एका तपकिरी लिफाफ्याचं टोक दिसत होतं. कोपरा फाटलेला.

माझ्या हातातली नाचणी तशीच राहिली. आमच्याकडे मौतीची खबर लिहिली की पत्राचा कोपरा फाडतात. असला कागद उंबऱ्याच्या आत नेत नाहीत. बाहेरच वाचायचा, बाहेरच फाडायचा.

"मावशे, ते काय आहे?"

मावशी पदरानं पीठ गोळा करत राहिली, गोळा झालेलंच पुन्हा गोळा करत राहिली.

"शिमग्याला आला," ती म्हणाली. "कोपरा बघितला नि तिथंच खोचला. वाचाय दिला न्हाय कोणाला. माझं दुसरं कोण हाय परदेशी? वाचला न्हाय तवर विठू हाय, कमळे. रोज भाकरी करताना मना वाटतं, आज हाय. उद्याचं उद्या."

"नऊ महिने?"

"त्याला पोटात नऊच महिने ठेवला होता. आता आणिक नऊ." तिनं डोळे पुसले नाहीत. "नवशालाबी सांगितलं, माझ्या दारात आता एकबी कागुद आणू नको."

हे कधी येऊन उभे राहिले होते कळलं नाही. भिंग खिशात गेलं होतं. 

"मावशी," हे हळूच म्हणाले, "मी काढू? वाचायचं नसेल तर परत तिथेच ठेवतो. जसाच्या तसा."

मावशीनं छपराकडे बघितलं. मग होकाराची मान हलवली.

ह्यांनी स्टूल घेतलं. तरी हात पुरेना. मग विचारात पडले, दोन इंच वाढले आणि पुरला. आम्ही अंगणात आलो, रीतीप्रमाणे, उघड्या आभाळाखाली. कुंपणाशी नवशा सायकल टेकवून उभा होता. मी लिफाफा उघडला. कागद उलगडला आणि वरती तीन सिंह दिसले.

"सिंह आहेत," मी म्हणाले.

"सिंहानं खाल्ला?" मावशी ओरडली.

"नाही गं! सरकारचे सिंह! हे सरकारचं पत्र आहे. विठूचं नावसुद्धा नाही यात." मी भराभर वाचलं, हिंदीत होतं, तेही दिल्लीच्या हिंदीत. "विषय, शिफारस क्रमांक सतरा. सरकारला मान्य आहे, मावशे! गावात पोस्टाला एखादी खोली मिळेल का, एवढंच विचारलंय. तीस दिवसांत कळवा म्हणून."

मावशी हसली की रडली ते मला सांगता येणार नाही. दोन्हीला एकच पदर होता. "मेल्यांनो, ही ओटी घ्या म्हणावं! विठूची खाट हलवते आतल्या खोलीत. पण मग कोपरा?"

"बरोबर, कोपरा!" हे पुन्हा ताठ झाले. "दिल्लीत बसलेला कोणी हस्तक—"

"कॅरियरमधी अडकला होता, साहेब," नवशा कुंपणावरून म्हणाला. "ओढताना फाटला. खड्डे किती हायेत रस्त्याला."

ह्यांनी वही काढली आणि लिहिलं: अपेक्षेप्रमाणे. मग जरा थांबून मला म्हणाले, "म्हणजे तक्त्यावरचे दोनशे पंच्याऐंशी दिवस मी सरकारच्या नावावर मांडत होतो, आणि थकलेलं उत्तर मावशींचं होतं?"

"बरेचसे दिवस."

"घरी गेल्यावर तक्ता भिंतीकडे तोंड करून लावू."

उत्तर तिथेच लिहिलं. ह्यांनी चार पानं लिहिली, त्यात चीनचा उल्लेख दोनदा. ती मी चुलीपाशी ठेवली, पेटवण्याच्या बाजूला, आणि दोन ओळी लिहिल्या: ओटी देते. भाडे नको. खाली मावशीचा अंगठा, नाचणीच्या पिठासकट. नवशानं तो कागद पिशवीत असा ठेवला, जसं कोणी अंडं ठेवावं.

मावशी जात्याकडे वळली. दोन पावलं गेली आणि थांबली. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं.

"कमळे, मौतीचा न्हवता ते बरं झालं. पण मग माझा विठू? नऊ महिन्यांत त्याचा एकबी कागुद का न्हाय?"

हे वहीचं कोरं पान बघत राहिले. कुंपणाशी नवशानं एक पाय उचलला, सायकलवर टाकला, परत खाली घेतला. टोपी काढली. पिशवी पोटाशी धरली.

"मावशे, रागवू नको," तो म्हणाला. "तू म्हणलीस दारात एकबी कागुद आणू नको, तवा मना वाटलं, लेकाशी बिनसलं असंल. मायलेकाच्या भांडणात पोस्टमननं काय बोलावं? नियमानं परत धाडायची होती, माझा हात झाला न्हाय." पिशवीच्या तळाशी हात घालून त्यानं परदेशी तिकिटांची निळी पत्रं बाहेर काढली. सगळ्यांचे कोपरे शाबूत. "विठूची चार हायेत. शेवटचं मागल्या हप्त्यातलं. भांडण मिटलं का?"