तिरफळ कोण?

हरिश्चंद्र शिवलकरांचा कान म्हणजे कान होता! दुसऱ्या कोणी म्हणायच्या आत ते स्वतःच तसं म्हणायचे. टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं लाइनमन म्हणून काढलेली. खांबाला नुसता कान लावून ते सांगायचे, "फॉल्ट तिसऱ्या खांबापुढे, उंबराशी." आणि फॉल्ट तिथेच सापडायचा. निदान त्यांच्या सांगण्यात तरी! निवृत्त झाल्यावर खांब सुटले, कान राहिला. तो रिकामा ठेवून कसं चालेल? म्हणून हरिभाऊंनी गाण्यांतले फॉल्ट शोधायला सुरुवात केली.

सिनेमाची गाणी नव्हेत हं! सिनेमातल्या गाण्याचं नाव काढलं की शिळी सुरमई नाकाशी धरल्यासारखा त्यांचा चेहरा व्हायचा. त्यांना लागायचे इंडी अल्बम. म्हणजे कुठल्या कंपनीच्या दारात न जाता कोणीतरी आपल्याच खोलीत बसून, आपल्याच जिवावर काढलेले. त्यासाठी त्यांनी रत्नागिरीत 'कानोसा' नावाचं मंडळ काढलं होतं. मंडळ चौघांचं! मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा संदेश, लोकांचे गुडघे-खांदे सरळ करणारी फिजिओथेरपिस्ट ईशा, बोटीवरून सुट्टीवर आलेला सागर आणि अध्यक्ष म्हणून अर्थातच हरिभाऊ. दर डिसेंबरात चौघे वर्षातल्या नव्या अल्बमांच्या याद्या करायचे, महिनाभर भांडायचे आणि शेवटच्या रविवारी एक अल्बम निवडायचे. ती निवड हरिभाऊंच्या नावानिशी गावातल्या साप्ताहिकात छापून यायची.

गेल्या वर्षी मात्र घात झाला. संदेशने डोक्यावर घेतलेला अल्बम पहिला आला, छापून आला, आणि मग कळलं की गाणारा संदेशचा सख्खा मामेभाऊ! हरिभाऊंना आठ दिवस बाजारात तोंड दाखवायची चोरी झाली. तेव्हा त्यांनी नियमच केला. अल्बम सभासदाच्या नात्यातल्या माणसाचा निघाला, तर त्या सभासदाला मत नाही! "यंदा कोणी हातचलाखी केली," ते म्हणाले, "तर मी तीन सेकंदांत पकडीन. माझा कान म्हणजे..."

"कान!" बाकीचे तिघे एकदम म्हणाले.

डिसेंबरचा पहिला रविवार. ईशाच्या दवाखान्यात याद्या निघाल्या. हरिभाऊंनी नागपूरच्या एका मुलाचा अल्बम आणला होता. एक तंबोरा, एक टेबलफॅन आणि चाळीस मिनिटं!

"डोळ्यांपुढे अख्खी दुपार उभी राहते," हरिभाऊ म्हणाले.

"आणि मग आडवी होते," सागर म्हणाला. "मी दुसऱ्या मिनिटाला झोपलो, हरिभाऊ."

सागरने कोचीच्या बँडचा अल्बम आणलेला. त्यावर ईशा म्हणाली की ड्रम वाजवणाऱ्याला तातडीने मनगटाच्या व्यायामाची गरज आहे. इथपर्यंत सगळं रीतसर चाललं होतं. मग ईशाने आपल्या यादीतलं पहिलं नाव वाचलं. "गायिका तिरफळ. अल्बम 'सडा'."

"अरे! माझ्याही यादीत तोच," संदेश म्हणाला.

"माझ्याही," सागर म्हणाला, आणि हरिभाऊंकडे असं काही बघून हसला, की हरिभाऊंच्या मानेवरचे केस उभे राहिले.

तिरफळ? माशाच्या आमटीत घालतात ते? ज्या बाईचं नाव सबंध महाराष्ट्रात कोणी ऐकलेलं नाही, ती एकाच खोलीतल्या तिघांच्या याद्यांत? हरिभाऊंच्या डोक्यात घंटी वाजली. लाइनीत फॉल्ट आहे! आणि तो ह्याच खोलीत आहे!

दुसऱ्या दिवसापासून तपास सुरू झाला. त्याला दैवानेही साथ दिली. हल्ली बायको मथुरा त्यांना रोज दुपारी दोन वाजता काही ना काही आणायला पिटाळायची. आज कोकमाचं आगळ, उद्या सुई, परवा सुईत ओवायला दोरा. "आणि घाई नका करू हो. सावकाश या चारपर्यंत!" एरवी हरिभाऊ कुरकुरले असते. आता ते पिशवी घेऊन टुणकन उठायचे, थेट मांडवीच्या जेट्टीवर जायचे, कानांना हेडफोन लावायचे आणि 'सडा' ऐकायचे. सहा गाणी. परत सहा गाणी. एकेक वाक्य मागे घेऊन घेऊन! गळ टाकून बसलेले लोक त्यांच्याकडे बघून एकमेकांना खुणा करायचे.

बाईचा आवाज तयारीचा नव्हता. पण त्यात काहीतरी होतं, हे हरिभाऊंना मनाविरुद्ध कबूल करावं लागलं. चौथ्या गाण्यात तर ती नुसती गुणगुणल्यासारखी म्हणायची,

छत्री सापडली, किल्ली सापडली,
माझी दुपार कुठे गो पडली?

आणि हरिभाऊ उगीचच डोळ्यांना रुमाल लावायचे. मग ते स्वतःलाच दटावायचे. "शिवलकर! भुलू नका! पुरावा शोधा!"

पुरावा सापडला तो तिसऱ्या दिवशी. दुसऱ्या गाण्यात मागे, अगदी लांबून, कोणीतरी ओरडत होतं, "बांगडं घ्या गो, बांगडं!" हरिभाऊ जेट्टीवर ताडकन उभे राहिले. हा आवाज जनीचा! दारावर मासे घेऊन येणारी जनी! म्हणजे गाणं रत्नागिरीतच, घरात बसून रेकॉर्ड झालेलं! आणि चौथ्या गाण्यात तर त्याहून मोठा धागा होता. बाईचं कडवं संपताच दूरवरून एक पुरुष विचारत होता, "अगो, माझा चष्मा कुठाय?"

ते जनीकडे गेले. ती मासळी बाजाराच्या कोपऱ्यावर टोपली मांडून बसली होती.

"जनी, तू दुपारची कुठल्या कुठल्या आळ्यांतून फिरतेस?"

जनीने सुरी खाली ठेवली. "कशाला इचारताव?"

"सहज."

"सहज कोन इचारतंय? मी वजनात मारलंय काय कोनाला?"

"नाही गो! फक्त सांग. दारात उभी राहून ओरडतेस, ती घरं कुठली?"

"संदेशदादाचं एक. त्या गुडघंवाल्या म्याडमचं एक. आनि तुमचं एक," जनी म्हणाली. "का? माज्या पाळतीवर हाताव काय?"

संदेश आणि ईशा! हरिभाऊंनी आनंदाने टाळी वाजवली आणि मासे न घेताच निघाले. आपलं तिसरं घर त्यांनी हिशेबात धरलंच नाही. तिथे तर मथुराच असते! ह्या वागण्याचा जनीने जो काही अर्थ काढायचा तो काढला आणि दुसऱ्या दिवशी बांगड्यांबरोबर मथुराच्या पदरात घातला.

"हल्ली दुपारी जाता तरी कुठे?" मथुराने विचारलं.

"तू पाठवतेस तिथे!"

"काल दोऱ्याला पाठवलं, दोन तास लागले. दोरा आणला नाहीत. आणि जनीला काय विचारलंत?"

"मंडळाचं गुप्त काम आहे," हरिभाऊ म्हणाले. मग त्यांचं लक्ष आतल्या खोलीकडे गेलं. खिडकीला दोन गोधड्या टांगलेल्या, दाराला तिसरी. "आणि हे काय?"

"कसर लागलीय. वारा देतेय," मथुरा एका दमात म्हणाली.

दोघांनी एकमेकांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

दुसऱ्या दिवशी हरिभाऊ संदेशच्या घरामागे पोचले. दुकान बंद, स्कूटर दारात, आणि आतून काहीतरी ठेक्यात वाजत होतं. धप्‌ धप्‌ धप्‌! ते केळीच्या आडून सरकत भिंतीपर्यंत गेले आणि भिंतीला कान लावला. एकतीस वर्षांचा सराव! आवाज थांबला. हरिभाऊंनी श्वास रोखला. मागून कोणीतरी म्हणालं, "भिंत पडेल काय हो आमची?"

संदेशची आई कमळाबाई! हातात मुसळ, त्याला मिरच्यांची लाल पूड. ठेका कसला होता ते हरिभाऊंना कळलं. कळलं त्याच क्षणी ती पूड नाकात गेली आणि त्यांना सलग चौदा शिंका आल्या. कमळाबाईंनी त्यांना हाताला धरून आत नेलं, पाणी दिलं आणि मायेने विचारलं, "मथुराने बाहेर काढलं काय तुम्हाला? खरं सांगा. चालायचंच! घावणे खाताव दोन?"

घावणे खाताना त्यांना माडीवरून संदेशचा आवाज आला. तो फोनवर होता. "हो ईशा, नव्या गाण्यांतलं पाचवं मिक्स झालं. नाही गं, त्यांना अजिबात संशय नाही. हरिकाकांना कळलं तर संपलंच सगळं!"

हरिभाऊंच्या हातातला घावणा गळून पडला. म्हणजे दोघंही सामील! तिरफळ म्हणजे ईशा! आणि तो चष्मेवाला तिचा बाप असणार!

शेवटचा रविवार. बैठक हरिभाऊंच्या घरी होती. त्यांनी दोन मोठे स्पीकर लावले होते, वहीत सेकंदांसकट टिपणं काढली होती आणि इस्त्रीचा सदरा घातला होता. खटल्याला उभं राहणाऱ्या वकिलासारखे ते खोलीत येरझारा घालत होते. आत मथुरा चहा करत होती.

"मंडळी," ते म्हणाले, "आपल्यात फितुरी झाली आहे!"

संदेश आणि ईशा एकमेकांकडे बघू लागले. सागर मात्र पाय पसरून बसला आणि म्हणाला, "अखेर कबूल करताय तर!"

"मी? मी कशाला कबूल करू?" हरिभाऊंनी बटण दाबलं. खोलीभर तिरफळचा आवाज पसरला. छत्री सापडली, किल्ली सापडली... कडवं संपलं आणि स्पीकरमधून तो पुरुष बोलला, "अगो, माझा चष्मा कुठाय?"

हरिभाऊंनी गाणं थांबवलं. "हा माणूस! हा माणूस ओळखा, की तिरफळ सापडली! आवाज ऐका ह्याचा. विहिरीच्या रहाटासारखा! स्वतः उठून चष्मा शोधायचा नाही, बाई गातेय तर तिला गाऊ द्यायचं नाही! कपाळावर चष्मा ठेवून घरभर बोंबलणारा असणार, बावळट! ईशा, हा तुझा बाप आहे की नाही?"

ईशाने ओढणी तोंडात कोंबली. संदेश स्पीकरच्या मागे तोंड लपवू लागला. सागर उठला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "हरिभाऊ, तुमचा चष्मा कुठाय?"

हरिभाऊंचा हात कपाळावर गेला.

चष्मा तिथेच होता. माणसाला जगातला प्रत्येक आवाज ओळखता येतो, फक्त स्वतःचा टेपमधून ऐकू आला तर तो परक्याचा वाटतो. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या लाइनी ऐकणाऱ्या हरिभाऊंना हे आज कळलं. आणि त्यामागोमाग दुसरंही कळलं. तो चष्मा ज्या बाईला विचारला होता, ती बाई ट्रे घेऊन दारात उभी होती.

"मी पहिल्या दिवशीच ओळखला तुमचा आवाज," सागर म्हणाला. "म्हटलं, हरिभाऊंनी वहिनींचा अल्बम काढलान आणि आता नाटकं करतायत!"

ईशाने सगळं सांगून टाकलं. काकूंच्या गुडघ्याचे व्यायाम घेताना त्या गुणगुणायच्या. तिने संदेशला बोलावलं, त्याने माइक दिला, गोधड्या लावून दिल्या. दोघांनी शपथ घेतली होती.

हरिभाऊ खुर्चीत बसले. "मथुरा, तुला गाताना मी कधी ऐकलंच नाही. मला का नाही सांगितलंस?"

मथुराने ट्रे खाली ठेवला. "सांगितलं असतं तर तुम्ही ऐकायला बसला असतात. वही घेऊन! तुम्ही जन्मभर लाइनीतली खरखर शोधलीत. मला खरखर शोधणारा माणूस समोर नको होता. म्हणून तर रोज बाहेर पाठवत होते." मग ती जरा थांबली. "आणि एकदा तुम्ही लवकर परत आलात, ते चष्म्याचं मी काढून टाका म्हणत होते. संदेश म्हणाला, राहू दे काकू, तालात बसलंय."

"तालात बसलंय," हरिभाऊ पुटपुटले. मग मान वर करून म्हणाले, "चौथं गाणं फार चांगलं आहे, मथुरा. खरंच सांगतो. जेट्टीवर मला... वारा फार होता, डोळ्यांत जात होता."

मथुराने पदराने कपाची कड पुसली. ती आधीच कोरडी होती.

नियमाप्रमाणे हरिभाऊंना मत नव्हतं. तिघांनी हात वर केले आणि 'सडा' वर्षातला उत्तम अल्बम ठरला. 'गायिका अध्यक्षांची पत्नी आहे' ही ओळ छापायला स्वतः हरिभाऊंनीच साप्ताहिकात नेऊन दिली.

चहा झाल्यावर मथुराने मोबाइल पुढे केला. तिचा चेहरा दहावीचा निकाल लागलेल्या मुलीसारखा झाला होता. "हे बघितलंत काय? महिनाभरापूर्वी अल्बममधली गाणी एकोणीस वेळा ऐकलेली दाखवत होतं. आता बघा. सातशे बेचाळीस!"

"सातशे?" ईशा ओरडली.

"आणि सगळे आपल्या रत्नागिरीतलेच हो! रोज दुपारी दोन ते चार ऐकतात. गावाने उचलून धरलं म्हणायचं मला!"

संदेशने मोबाइल हातात घेतला, आकडे पाहिले आणि सावकाश मान वळवून हरिभाऊंकडे पाहिलं. हरिभाऊ घाईघाईने बशीत उरलेला चहा पिऊ लागले. बशी रिकामी होती.

तेव्हापासून हरिभाऊ रोज दुपारी कोणी न पाठवताही बाहेर पडतात. एक दिवस ताप आला म्हणून घरी राहिले, तर संध्याकाळी मथुरा हिरमुसून बसली. "आज एकानेही ऐकलं नाही." दुसऱ्या दिवशी हरिभाऊ मफलर गुंडाळून जेट्टीवर हजर!

परवा मात्र ती मोबाइल बघता बघता म्हणाली, "अहो, संदेश म्हणतो की ही खूप माणसं नव्हेत. एकच कोणीतरी आहे, तेच तेच लावून बसतो."

"असं?" हरिभाऊ पिशवी शोधत म्हणाले.

"हो ना! इतका वेळ कोणाला असतो हो? असेल कोणी मेला रिकामटेकडा!"

"असेल, असेल," हरिभाऊ म्हणाले आणि चपला घालून निघाले. दोन वाजायला आले होते.