दोन पुरुष पाणी

क्राकूवच्या एका बेकरीत नव्या भट्टीच्या मागे गुडघ्यांवर बसून पंखा तपासत असताना बोटोंड केरेकेशच्या खिशातला मोबाइल थरथरला. पिठाळलेल्या अंगठ्याने त्याने निरोप उघडला, वाचला, परत वाचला. आणि भट्टी चांगली तापलेली असूनही त्याला हुडहुडी भरली.

निरोप रविवारच्या शर्यतीच्या आयोजकांचा होता. यंदा बालातोन सरोवराचं पाणी फार खाली गेलं आहे, असं त्यांनी कळवलं होतं. गेल्या वर्षी पोहण्याच्या टप्प्यात बरेच स्पर्धक चक्क चालत आल्याच्या तक्रारी होत्या. म्हणून यंदा सगळ्यांना बोटीने खोल पाण्यात नेऊन सोडायचं आणि तिथून त्यांनी किनाऱ्याकडे पोहत यायचं, असं ठरलं होतं. शेवटी ‘खऱ्याखुऱ्या पोहण्याचा आनंद लुटा’ असं वाक्य होतं आणि त्यापुढे एक हसरा चेहरा.

बोटोंडला पोहता येत नव्हतं. ही गोष्ट त्याने आजवर कुणालाही सांगितलेली नव्हती. बायकोला तर नाहीच नाही.

व्हिल्माशी त्याची ओळख झाली ती बालातोनच्या दक्षिण किनाऱ्यावर. त्या किनाऱ्यावर माणूस पाण्यात शिरला की चालतच राहतो. मागे वळून पाहावं तर छत्र्या टिकल्यांएवढ्या झालेल्या असतात आणि पाणी अजून पोटालाच लागत असतं. व्हिल्मा मासोळीसारखी पोहायची. तिने “येतोस?” म्हणून विचारलं तेव्हा “मला येत नाही” म्हणायला जो एक क्षण लागतो, तो बोटोंडने वाया घालवला. त्याची भरपाई त्याला पुढची वीस वर्षं करावी लागली. गुडघे वाकवून हनुवटीपर्यंत पाण्यात बसायचं, दोन्ही हातांनी ऐटीत पाणी बाजूला सारायचं, मधूनमधून फुस्स करून श्वास सोडायचा, आणि खाली तळाच्या चिखलातून बेडकासारखं चालत राहायचं. वरचा अर्धा बोटोंड पोहत असायचा, खालचा अर्धा चालत. जिथून खोल लागायचं तिथे नेमका त्याचा डावा कान दुखायला लागायचा.

या कलेत तो इतका तयार झाला होता, की ईस्टरच्या जेवणाला व्हिल्माच्या धाकट्या भावाने, लोरांतने, आपल्या शर्यतीच्या फुशारक्या मारायला सुरुवात केली तेव्हा बोटोंडला चेव चढला. आधी पोहायचं, मग सायकल मारायची, मग पळायचं, तिन्ही टप्पे छोटेच. आणि जागा कुठली, तर दक्षिण किनारा. सायकल तो दर रविवारी चालवायचा, पळणंही जमलं असतं. लोरांत म्हणाला, “मेहुणे, तुम्हाला झेपायचं नाही ते.” तेव्हा डुकराच्या मांसाच्या तुकड्यावर तिखट मुळा चोळत बोटोंड म्हणाला, “नाव घाल माझं.” व्हिल्माने ताटातून मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत त्याला कौतुक दिसलं. निदान त्याला तरी तसं वाटलं.

आणि आता दोन पुरुष खोल पाणी.

बोटोंड बेकरीच्या भट्ट्या विकायचा आणि त्या बसवून द्यायला गावोगाव फिरायचा. तो आठवडा तर भिंगरी लागल्यासारखा होता. आधी कोशित्से, मग क्राकूव, मग ल्युब्ल्याना, शेवटी त्रिएस्त. एरवी असल्या आठवड्याला तो शिव्या घालायचा, पण क्राकूवनंतर त्याला त्यातच आशा दिसायला लागली. एखादी भट्टी बिघडावी, एखादी गाडी चुकावी, म्हणजे माणूस मानाने शर्यतीबाहेर राहतो. ल्युब्ल्यानाला त्याने गिऱ्हाइकाला स्वतःहून सुचवलं, की शनिवार-रविवार परत येऊन भट्टीवर नजर ठेवतो. गिऱ्हाइकाने भट्टी पेटवली, ती एखाद्या पाळलेल्या मांजरासारखी गुरगुरली आणि पहिल्याच खेपेला सोनेरी पाव निघाले. त्रिएस्तला तर मालकिणीने त्याच्या पाठीवर थाप मारून, तुम्ही घरी जा, तुमचा चेहरा फार ओढलेला दिसतो, असं सांगितलं. वाटेला एक पिशवीभर गोड पावही दिले. प्रत्येक बेकरीत नमुना खाणं हा त्या धंद्याचा शिष्टाचार. त्यामुळे आठवडाभरात बोटोंडची झोप जेवढी घटली होती तेवढंच पोट वाढलं होतं.

परतीची गाडी वेळेवर आली. ती कधीच वेळेवर यायची नाही. वाटेत रूळ बालातोनच्या काठाकाठाने जातात. सगळा डबा खिडक्यांना चिकटून सरोवर बघत होता आणि बोटोंडने आपल्या बाजूचा पडदा ओढून घेतला.

घरी पोहोचल्यावर शेवटचा आधार सायकलीचा होता. तिचं मागचं चाक गेल्या रविवारपासून बसलेलं होतं. दारातून आत शिरताच त्याने मान हलवत सांगून टाकलं, की सायकलचं काही खरं नाही, आता या वेळी दुकानं बंद.

“लोरांत येऊन गेला,” व्हिल्मा म्हणाली. “दोन्ही टायर नवे घातलेत. साखळीला तेलही दिलंय. तू दमून येणार म्हणून बिचारा स्वतःहून आला.”

बोटोंडने बिचाऱ्या लोरांतला मनातल्या मनात जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग तो कानाला हात लावून पलंगावर बसला. डाव्या कानात ठणका आहे, असं त्याने क्षीण आवाजात सांगितलं. व्हिल्माने कपाटातून मेणाचे बोळे काढून त्याच्या हातावर ठेवले. मुद्दाम आणून ठेवलेत, म्हणाली.

रविवारी सकाळी आभाळ इतकं निळं होतं की बोटोंडला शिसारी आली. वाऱ्याचं नाव नव्हतं. किनाऱ्यावर वादळाची सूचना देणारा खांब असतो. त्यावरचा नारिंगी दिवा लुकलुकायला लागला की कुणी पाण्यात उतरायचं नाही. बोटोंड त्या खांबाकडे असा बघत उभा होता, जसा एखादा दवाखान्याच्या दाराकडे बघतो. एकदा तर तो लुकलुकलाच. बोटोंडने व्हिल्माचा दंड धरला. मग कळलं, की लांगोशच्या, म्हणजे तळलेल्या मोठ्या पुऱ्यांच्या, गाडीवाल्याने कढईवरचं पत्र्याचं झाकण उचललं होतं आणि त्यावर ऊन चमकलं होतं.

पाणी गार होतं, म्हणून रबरी पोशाख सक्तीचा होता. तो नाही म्हणजे उतरायचं नाही, हे ऐकून बोटोंडला क्षणभर देव पावल्यासारखं वाटलं. पण लोरांतने आपला जुना पोशाख आणला होता. लोरांत म्हणजे वेताची काठी. बोटोंडच्या पायांना प्लास्टिकच्या पिशव्या गुंडाळून ते दोघं बहीणभाऊ त्याला त्यात सारायला लागले. एकीकडून व्हिल्मा ओढत होती, दुसरीकडून लोरांत ढकलत होता, आणि आसपासचे लोक सल्ले देत होते. शेवटी पाठीवरची चेन वर गेली तेव्हा बोटोंडचा चेहरा वांग्यासारखा झाला होता.

“मेहुणे, श्वास येतोय ना?” लोरांतने विचारलं.

“थोडा,” बोटोंड म्हणाला.

“तेवढा पुरे. शर्यत छोटीच आहे.”

बोट निघाली. छत्र्या टिकल्यांएवढ्या झाल्या, मग टिकल्याही दिसेनाशा झाल्या. या रबरात बांधलेला माणूस दगडासारखा थेट तळाला जाणार याची बोटोंडला खात्री पटली होती. आपल्या मयतीला कोण कोण येईल याचा त्याने हिशेब मांडला. त्रिएस्तची मालकीण हार पाठवेल. लोरांत रडेल, आणि रडतानाही आपला निकाल सांगेल. पण त्याहून भयंकर म्हणजे व्हिल्माला कळेल. सगळे म्हणतील, अहो, यांना पोहताच येत नव्हतं, आणि ती बाई काळ्या कपड्यांत उभी राहून वीस उन्हाळे एकेक करून आठवत बसेल. बुडण्यापेक्षा हे त्याला जास्त जड जात होतं.

शिटी वाजली. लोक धपाधप उड्या टाकायला लागले. लोरांत पहिल्याच घोळक्यात दिसेनासा झाला. बोटीच्या शेपटाशी बोटोंड एकटा उरला, आणि त्याच्यामागे बोटीचा म्हातारा नावाडी.

“मी तुमच्याबरोबर परत येतो,” बोटोंड म्हणाला.

“मी परत जात नाही. पलीकडे तिहान्यला जातोय, सहलीची माणसं घ्यायला. परतायला संध्याकाळ.”

या रबरी अवतारात संध्याकाळपर्यंत तिहान्यला फिरायचीही बोटोंडची तयारी होती. पण तिकडून व्हिल्माला फोन करून काय सांगणार? शेवटी त्याने आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य उच्चारलं.

“मला पोहता येत नाही हो.”

“शेवटच्या क्षणी सगळ्यांना असंच वाटतं,” नावाडी मायेने म्हणाला, आणि धीर द्यायला त्याने बोटोंडच्या खांद्यावर हात ठेवला. त्याच वेळी बोट हलली, ओल्या फळीवरून बोटोंडची टाच घसरली, आणि पुढे काय बोलायचं होतं ते पाण्यातच राहिलं.

तो खाली गेला आणि बुचासारखा वर आला. जीव मुठीत धरून त्याने पहिली गोष्ट केली ती वीस वर्षांच्या सवयीची, म्हणजे पाय तळाला टेकवायची. तळ नव्हता. त्याने पाय आणखी खाली रेटले, तर पोशाखातल्या जाड रबराने ते हट्टाने परत वर आणून ठेवले. ते खाली जाईचनात. बोटोंड घाबरून इतका गोठला, की त्याचे हात आपलं आपण ओळखीचं काम करायला लागले. वरचा अर्धा बोटोंड वीस वर्षं तालीम केलेला होता. हात पाणी सारत होते, तोंड फुस्स करत होतं, आणि मागे पाय भीतीने जे झाडले जात होते त्याने तो पुढे सरकत होता. होडक्यात बसून पहारा देणारी एक मुलगी शेजारून वल्हवत आली. होडकं धरायचंय का, तिने विचारलं. बोटोंडने ऐकलं, पण उत्तर द्यायला थांबलं की बुडणार, या भीतीने तो तसाच पुढे गेला.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. पुढे दिसणारी पिवळ्या टोप्यांची डोकी एकेक करून उंच झाली. माणसं उभी राहून गुडघे उचलत किनाऱ्याकडे पळत सुटली. बोटोंडने ते पाहिलं आणि त्याचा त्यावर विश्वास बसला नाही. तळ एकदा दगा देऊन बसला होता. तो हात मारत राहिला. कर्ण्यावरून कुणीतरी सांगत होतं, की शेवटचे पिवळी टोपीवाले, तुम्ही उभे राहू शकता. तो हात मारत राहिला. बोटं चिखलातून ओढली जात होती, पोट वाळू खरवडत होतं. घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहून लांगोश खाणारी एक बाई त्याला वाट द्यायला बाजूला झाली आणि तिने आपल्या नातवालाही बादलीसकट ओढून घेतलं.

तेव्हा समोर दोन पाय येऊन थांबले. व्हिल्मा सपाता हातात धरून उभी होती.

“ऊठ, बोटी. पाणी संपलं.”

बोटोंडने आधी एका हाताने जमीन चाचपली, मग दुसऱ्या, आणि मग तो उठून बसला. नाकातोंडातून पाणी गळत होतं. दात वाजत होते. किनाऱ्यावरच्या सायकलींमध्ये एकच सायकल उरली होती, नव्या टायरांची.

व्हिल्मा त्याच्याकडे टक लावून बघत होती. डोळे भरलेले होते आणि ओठ हसू दाबत होते.

“आज पहिल्यांदा तुझे पाय दिसले,” ती म्हणाली.

बोटोंडने आपल्या पायांकडे पाहिलं. “म्हणजे तुला...”

“लग्नाच्या आधीपासून.”

“मग बोलली का नाहीस कधी?”

“इतकं मन लावून चालायचास. माझ्याच्याने नाही बोलवलं.” तिने हात देऊन त्याला उभं केलं, त्याच्या कपाळावरचा चिखल पदरासारख्या घेतलेल्या टॉवेलच्या टोकाने पुसला आणि त्या एकट्या सायकलीकडे त्याचे खांदे वळवले.

“आता खरं सांग,” ती हळूच म्हणाली. “सायकल तरी येते ना?”