गंजीचा ताप

लोटननाना माणूस भेटला की आधी त्याच्या कपाळाला हात लावत. "ताप नही शे," असा निकाल दिल्यावरच खुशाली विचारत. पोस्टमन, नवे मॅनेजर, कुणाची सुटका नव्हती. माझ्या सासूबाई तर त्यांना लांबून पाहिलं की घरात जाऊन कडी लावत.

ही खोड त्यांना नोकरीने लावली. तळोद्याच्या अलीकडे आमची कागदाची मिल होती. मी मशीनवर होतो, नाना गंजीवर, आणि आमची क्वार्टर्स भिंतीला भिंत लागून. ऊस गाळून उरलेला चोथा, म्हणजे बगॅस, साखर कारखान्यांतून यायचा आणि आवारात त्याची गंजी लागायची. ही गंजी आतून आंबते, तापते आणि दुर्लक्ष झालं की आपोआप पेटते. म्हणून तिच्यावर सतत पाण्याचे फवारे चालू ठेवायचे. ताप मोजायला साहेबांनी लांब सळईचा थर्मामीटर दिला होता. नाना त्याच्यावर बनियन वाळत घालत आणि स्वतः खांद्यापर्यंत हात गंजीत खुपसून, डोळे मिटून उभे राहत.

पुढे त्यांना कुठलाही ढीग दिसला की राहवेना. एकदा आम्ही नंदुरबारला लग्नाला निघालो होतो. वाटेत मिरचीच्या पथारीवर मिरच्या वाळत होत्या. नानांनी ढिगात हात घातला, "मस्त शे," म्हणाले आणि त्याच हाताने डोळे पुसले. मांडवात ते असे घळाघळा रडले की नवरीकडच्यांना वाटलं, हे मुलीचे कुणी जवळचे मामा असावेत. त्यांना पहिल्या पंगतीला बसवलं. नानांनी डोळे पुसत दोनदा मांडे घेतले.

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. सुट्टीच्या दिवशीही ते गंजीपाशीच बसत. मी चेष्टा करायचो की नाना, हिच्याशी पाटच लावून घ्या.

मिलचं मात्र काही खरं नव्हतं. जुने लोक सांगत, की आधी अक्कलकुव्याच्या डोंगरांतून बांबू यायचा, तो संपला म्हणून बगॅस आला. मालकांनी आणखी मोठं मशीन आणलं, आणि नेमके त्याच सुमाराला साखर कारखाने बगॅस स्वतःच जाळून वीज करू लागले. माल मिळेना. मिळेल तो दुरून आणून साठवायचा, म्हणजे गंजी आणखी मोठी, आणि मोठ्या गंजीला पाणी जास्त. मिलच्या बोअरने शेजारच्या गावाचा हातपंप कोरडा पाडला. वैशाखात गावच्या बाया हंडे घेऊन गेटवर आल्या. साहेबांनी बघतो म्हणून सांगितलं. बघायला कुणी गेलं नाही.

त्यानंतर काही दिवसांतच गंजी पेटली. आठवडाभर धूर होता. तेवढाच माल शिल्लक होता, तो गेला आणि मिल बंद पडली ती पडलीच. चौकशीत निघालं की मोटर ठीक होती, बोअरला पाणी होतं, फवारे मात्र बंद होते. नानांनी "झोप लागनी व्हती" एवढंच सांगितलं. त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता. कॉलनीत त्यांच्याशी कुणी बोलेना. त्यांच्या झोपेने सगळ्यांच्या चुली विझवल्या म्हणून लोक त्यांच्या दारावरून जाताना थुंकत. मीही बोलणं सोडलं.

मला वापीच्या एका मिलमध्ये काम मिळालं. घरच्यांना मागे ठेवून निघालो, तर स्टँडवर नाना उभे. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली.

"गावना हातपंपनं पानी शे," ते म्हणाले. "भाऊ, फवारास्ना कॉक मीच बंद करा व्हता. झोप नही लागनी मले. मले वाटनं, हात लाई लाईसन गंजी सांभाळी लिसू."

पंपाला पाणी आलं होतं आणि बाया हंडे भरत होत्या, म्हणून आणखी एक दिवस, आणखी एक दिवस, असं करत ते गंजीभोवती उपाशी फिरत राहिले. हात कुठेतरी चुकला. मग तेव्हाच का नाही सांगितलं, मी विचारलं. सांगितलं असतं तर साहेबांनी सगळा आळ गावावर घेतला असता, म्हणाले.

मला भयंकर राग आला. गावासाठी म्हणे. आणि माझी पोरं? मी बाटली घेतली आणि बसमध्ये चढलो. नाना खिडकीखाली आले.

"पोचना की फोन करजो," ते म्हणाले. "मन्हासंगे आते कोनी बोलत नही."

बस सुटली. अक्कलकुवा मागे पडल्यावर ऊन फार झालं, तेव्हा बाटली उघडली. राग तसाच होता. पाणी गोड होतं. शेजारच्या बाईने तिच्या लेकरासाठी घोटभर मागितलं, ते दिलं. उरलेलं मात्र मी झाकण घट्ट लावून वापीपर्यंत मांडीवर धरून बसलो.