बिनआवाजाची लेन्स

जावईबापूंना आयुष्यात दोन गोष्टींची फार धास्ती. एक म्हणजे कुठलीही वस्तू निवडणं आणि दुसरी म्हणजे सासरे. (तिसरी पाल, पण तिचा या गोष्टीत काही दोष नाही.) या दोन्ही धास्त्या इतकी वर्षं आपापल्या जागी गुपचूप बसून होत्या. पण एके दिवशी थोरली, म्हणजे त्यांची बायको, भांडी पुसता पुसता म्हणाली, “अहो, बाबांचा व्हिडिओ काढायचाय. तुमच्या कॅमेऱ्याला एखादी बरी लेन्स घेऊन या,” आणि दोन्ही एकदम अंगावर धावून आल्या.

थोरलीचे वडील म्हणजे निवृत्त जेलर. निवृत्त झाले ते सरकारच्या कागदावर. घरात ते अजून संध्याकाळी सगळी माणसं मोजल्याशिवाय जेवायला बसत नसत. जावईबापू विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासायचे. दिवसभर घसरलेली, पडलेली, भाजलेली माणसं कागदावर बघून त्यांचा असा ठाम समज झाला होता, की जगात जे जे वाईट होऊ शकतं ते होतंच, फक्त अर्ज उशिरा येतो.

आणि या वेळी घाबरायला खरंच कारण होतं. जेलरसाहेबांच्या स्वरतंतूंवर गाठ निघाली होती. गाठ साधी होती, पण शस्त्रक्रियेनंतर आवाज कसा राहील ते सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. बदलेल, बारीक होईल, कदाचित बसेलही.

“माझं बोलणं रेकॉर्ड करणार?” जेलरसाहेब घोगऱ्या आवाजात गरजले. “मी काय आरोपी आहे?”

“बाबा, आईचा आवाज कुठेच नाही आपल्याकडे,” थोरली म्हणाली. “एक वाक्य नाही. तुमचा तरी राहू दे.”

जेलरसाहेबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं. मग म्हणाले, “रविवारी सकाळी. उशीर चालणार नाही.”

जावईबापू कॅमेऱ्याच्या दुकानात शिरले. भिंतभर काचेची कपाटं, आणि आतून शेकडो काळे डोळे त्यांच्याकडे रोखलेले.

“काय दाखवू?” दुकानदाराने विचारलं.

“एकच लेन्स हवी. घरातले रोजचे फोटोही निघाले पाहिजेत आणि व्हिडिओही.”

“व्हिडिओत समोर कोण?”

“सासरे.”

“किती लांबून काढणार?”

“जितकं लांब राहता येईल तितकं.”

दुकानदाराने दंडाएवढी लांब लेन्स काढली, मग काहीतरी आठवून विचारलं, “खोली केवढी आहे?” खोली केवढी ते कळल्यावर त्याने ती परत ठेवली. “ही लावलीत तर नुसतं नाक येईल.” मग त्याने वाइड अँगल काढली. हिच्यात अख्खी खोली मावते, फक्त फार जवळ गेलं की नाक मोठं दिसतं, म्हणाला. जावईबापूंना आपण काढलेलं सासऱ्यांचं मोठं नाक सासऱ्यांच्याच भिंतीवर लटकताना दिसलं. त्यांनी ती लेन्स दोन्ही हातांनी परत केली.

तिसरी पन्नास मिलिमीटरची. आटोपशीर, फोटोला झकास, मागचं सगळं धूसर आणि माणूस तेवढा ठसठशीत. जावईबापूंना ती आवडलीच. त्यांनी दुकानदाराचाच छोटासा व्हिडिओ काढला आणि लावून ऐकला. दुकानदार बोलत होता, आणि त्याच्या बोलण्यावरून कोणीतरी किर्र किर्र करवत चालवत होतं.

“हे काय हो?”

“फोकसची मोटर. फोटोला काही फरक पडत नाही, पण व्हिडिओत ऐकू येते.”

जावईबापूंच्या तोंडचं पाणी पळालं. सासरे आपल्या गेलेल्या बायकोबद्दल बोलताहेत, आणि मध्येच किर्र. आणि उद्या आवाज गेलाच, तर थोरलीला जन्मभर ऐकायला उरणार काय, तर किर्र! “नको, नको! अजिबात आवाज नसलेली द्या.”

“हात थरथरतात का तुमचे?”

“एरवी नाही. ते समोर बसले की थरथरतात.”

मग दुकानदाराने चौथी काढली. मध्यम झूम, घरात आणि बाहेर दोन्हीकडे चालणारी, हात हलला तरी चित्र न हलू देणारी. “आणि मोटर अशी आहे, की कानाला लावा, कळणार नाही.” जावईबापूंनी खरोखरच ती कानाला लावली. गिऱ्हाइकं बघत राहिली. काही म्हणता काही ऐकू आलं नाही. त्यांचा जीव भांड्यात पडला.

“बरोबर एक माइक देऊ? कॅमेऱ्याचा माइक जवळचं आधी पकडतो.”

आता हा आणखी काहीतरी गळ्यात मारतोय, असं जावईबापूंना वाटलं. “गरज नाही. आमच्या सासऱ्यांचा आवाज पलीकडच्या बराकीत जायचा,” असं म्हणून ते निघाले.

घरी येऊन त्यांनी बाथरूमचं दार लावलं आणि बादलीचा व्हिडिओ काढला. झूम केलं, फोकस नळावर नेला, परत बादलीवर आणला. मग ऐकलं. संपूर्ण शांतता. (बादलीची त्यांना भीती वाटत नव्हती, हे किती महत्त्वाचं आहे ते त्यांना तेव्हा कळलं नाही.)

रविवारी जेलरसाहेब इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. थोरली बाजूला स्टुलावर. धाकटी, म्हणजे मेव्हणी, उशिरा आली आणि दारातच उभी राहिली. जावईबापू समोरच्या भिंतीला पाठ चिकटवून, कॅमेरा डोळ्याला लावून उभे. मागे भिंत नसती तर ते आणखी मागे गेले असते.

जेलरसाहेब सांगू लागले. नोकरी नवी होती, मिशी नवी होती. तुरुंगाच्या दवाखान्यात एक नर्स होती. एकदा हे कैद्यांची मोजणी करायला आत शिरले, तर ती आडवी उभी राहिली. “म्हणाली, ताप उतरल्याशिवाय हा माणूस उठणार नाही. मोजायचं तर झोपलेलाच मोजा, आणि बूट वाजवू नका.” जेलरसाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. “आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाचा हुकूम मुकाट्याने पाळला. चवड्यांवर चालत बाहेर आलो. नंतर घरात सवयच लागली.” त्यांचे डोळे भरून आले. जावईबापूंनी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. त्यांचे पाय लटलटायला लागले, पण लेन्स खरंच गुणी, चित्र तसूभर हललं नाही.

“आलं नीट?” शेवटी जेलरसाहेबांनी विचारलं.

“एकदम स्वच्छ!” जावईबापू म्हणाले.

त्याच दुपारी जेलरसाहेब इस्पितळात दाखल झाले. आता एक शब्दही बोलायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

जावईबापू घरी आले, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले, हेडफोन लावले आणि व्हिडिओ सुरू केला. चित्र असं की जेलरसाहेबांच्या मिशीचा केस न् केस मोजावा. मोटरचा आवाज शून्य. लांबून जेलरसाहेबांचा घोगरा आवाज म्हणाला, “नोकरी नवी होती...” आणि त्याच्यावर, अगदी कानात तोंड घालून बोलावं तसा, दुसराच आवाज आला.

“अरे बापरे, इकडेच बघतोय म्हातारा. बघू नको रे बाबा, बघू नको.”

जावईबापूंनी दचकून मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

भीती वाटली की ते स्वतःशी पुटपुटतात, हे थोरलीला माहीत होतं, ऑफिसला माहीत होतं, पलीकडच्या सोसायटीच्या वॉचमनलाही माहीत होतं. माहीत नव्हतं ते एकट्या जावईबापूंना. फोटोत पुटपुटणं उमटत नाही, म्हणून इतकी वर्षं निभावलं. व्हिडिओत सगळं उमटलं होतं. जेलरसाहेब आपल्या तरुणपणाबद्दल हळवे होऊन बोलत होते आणि हा बारीक आवाज म्हणत होता, “कान केवढे आहेत! दोन्ही एका वेळी मावत नाहीत. एक सोडून द्यावा का?” मग, “आली धाकटी. ही दारात उभी राहिली की खोलीतला उजेडच संपतो.” मग, “रडतोय का? रडू नको हं, रडू नको. मला रड म्हणायचंय की रडू नको तेच कळत नाहीये. आता मेलो.”

जावईबापूंची पाचावर धारण बसली. त्यांनी कॉम्प्युटरवर व्हिडिओ उघडला आणि आपला आवाज कमी करायला घेतला. आपला कमी झाला की सासऱ्यांचाही कमी होई. सासऱ्यांचा वाढवला की आपला भोंगा. दोघेही एकाच बेडीत अडकले होते. उद्या आवाज बसलाच, तर जेलरसाहेबांचा शेवटचा आवाज म्हणून घरात हेच राहणार होतं, आणि पुसून टाकायचं तर थोरलीकडे वडिलांचंही काहीच उरणार नव्हतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. जावईबापूंना हेडफोन लावलेले असतानाच रडू आलं.

शस्त्रक्रिया सुखरूप झाली. जेलरसाहेब विश्रांतीला थोरलीकडे आले. बोलायचं नाही, खाकरायचं नाही, हसायचं नाही, रडायचं नाही, जखम भरेपर्यंत घसा हलता कामा नये, अशी ताकीद होती. ते टाळ्या वाजवून हुकूम सोडत. एक टाळी म्हणजे पाणी, दोन म्हणजे थोरली, तीन म्हणजे जावईबापू. व्हिडिओचं काय झालं, असं थोरलीने विचारलं की जावईबापू म्हणत, “एडिटिंग चाललंय.”

एका संध्याकाळी धाकटी भेटायला आली होती, आणि तीन टाळ्या वाजल्या. जेलरसाहेबांनी आधी कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं, मग टीव्हीकडे. जावईबापूंची बोबडी वळली. “अजून जरा काम बाकी...” जेलरसाहेबांनी नुसत्या भुवया उचलल्या. या भुवयांपुढे खुनी कैदीही कबूल झाले होते, जावईबापू तर पदवीधर होते. त्यांनी वायर जोडली.

“बघू नको रे बाबा, बघू नको,” टीव्ही म्हणाला.

कान आले आणि गेले. “मी उभी राहिले की उजेड संपतो?” धाकटी जागेवरून उठत म्हणाली, “भाऊजी, हे तुम्ही माझ्याबद्दल बोलताय?” जावईबापू सोफ्याच्या हातावर चिमटीने धागा काढत बसले. तेवढ्यात टीव्हीतला बारीक आवाज कापऱ्या सुरात म्हणाला, “थोरली रडतेय. ही रडायला लागली की मला काही सुचत नाही. देवा, यांचा आवाज राहू दे रे.” थोरलीने नवऱ्याकडे पाहिलं. तिचे डोळे लाल झाले होते.

आणि जेलरसाहेबांचे खांदे गदगदा हलायला लागले. तोंडावर रुमाल, चेहरा लालभडक. “बाबा! घसा!” थोरली किंचाळली. जेलरसाहेबांना जोराचा ठसका लागला, मग दुसरा. ते तसेच उठले, आपल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

तो राग होता, हसू होतं की रडू, यावर घरात तीन मतं पडली. जावईबापूंचं मत रागाचं. पण त्यांचा जीव अडकला होता तो ठसक्यात. आता आवाज परत आला नाही तर तो गाठीमुळे गेला असं कोण म्हणणार? जावयाने घालवला असंच म्हणतील, आणि ते खोटंही नसेल. विम्याच्या भाषेत, कारण सिद्ध झालं होतं. ते जेवेनात, झोपेनात. टाळी वाजली की पाण्याची असली तरी उठून उभे राहत. थोरली म्हणे, “अहो, होईल सगळं नीट,” आणि म्हणताना तिचाच आवाज कापे.

तपासणीच्या दिवशी सगळेच डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी नळीने घसा पाहिला, मान डोलावली आणि म्हणाले, “हं, बोला. हळू, पण बोला.”

जेलरसाहेबांनी तोंड उघडलं. नुसती हवा आली. थोरलीने जावईबापूंचा हात इतका घट्ट धरला, की अंगठी रुतली. जावईबापू डोळे मिटून उभे होते. जेलरसाहेबांनी पुन्हा श्वास घेतला.

“हात सोड त्याचा,” ते म्हणाले. “पळून नाही जात तो.”

आवाज तोच होता. थोडा मऊ झालेला, पण तोच. थोरली वडिलांच्या गळ्यात पडून हमसून रडली, धाकटी रडली, डॉक्टरांनी उगाच चष्मा पुसला. जावईबापूंना एवढं हलकं वाटलं, की ते भिंतीला टेकून खाली बसायचेच बाकी होते.

“जावईबापू,” जेलरसाहेबांनी हाक मारली.

जावईबापू ताठ झाले. “बाबा, तो व्हिडिओ... मी आज तुम्हाला सांगणारच होतो. खूप खटपट केली, पण माझा आवाज काही त्यातून काढता येत नाही हो.”

“तुमचा कशाला काढता?” जेलरसाहेब म्हणाले. “माझा काढा. मी सारखा मध्ये मध्ये बोलतो, तुमचं काही नीट ऐकूच येत नाही.”