चौथीतून सेवानिवृत्त

ही गोष्ट अक्षरशः खरी आहे. वाटल्यास स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतो. (बायको म्हणते, त्या डोक्यात काही नसल्यामुळे शपथ लागू होत नाही.) आता एक तुकडा तेवढा माझ्या पदरचा आहे, पण तो तुम्हाला ओळखता आला तर मी गोष्टी सांगणं सोडून देईन.

आमच्या कन्येची चौथी संपली. पाचवीला मोठी शाळा. जुन्या शाळेत ती सगळ्यांत मोठी, घंटा वाजवायचा मान तिचा. नव्या शाळेत ती सगळ्यांत लहान. त्या दिवशी जेवताना ती ताटाकडे बघत म्हणाली, "बाबा, तिकडे मला कोणीच ओळखत नाही. मी नाही गेले तर चालेल?"

"असं कसं चालेल? आपण घरी समारंभ करू. भीती कुठल्या कुठे पळेल!"

"केक आणू या आणि गप्प बसू या," बायको म्हणाली.

पण मी गप्प बसणाऱ्यातला नाही. ऑफिसात माझ्या टेबलावरचं काम कुणाला आठवत नाही, पण निरोप समारंभ म्हटला की माझंच नाव निघतं. खुर्च्या, गुच्छ, भिंतीवरचं घड्याळ, भाषण, सगळं माझ्याकडे. आजवर मी अनेकांना निवृत्त केलंय. (एक जण नुसताच रजेवर चालला होता. त्यालाही घड्याळ दिलं.) आपल्याला दुसऱ्या प्रकारचा समारंभ येतच नाही, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

रविवारी हॉलमध्ये शेजारीपाजारी आणि आमचे ऑफिसवाले जमले. मधल्या खुर्चीत कन्या, पाय अधांतरी, हातात गुच्छ. मी घसा साफ केला.

"आजचा दिवस आनंदाचा म्हणावा की दुःखाचा, तेच कळत नाही. यांनी शाळेची निष्ठेने सेवा केली. डब्यातली भाजी सोडली तर कशाचीही टाळाटाळ केली नाही. त्यांची उणीव शाळेला सदैव भासेल. आता त्यांनी विश्रांती घ्यावी, छंद जोपासावेत आणि उर्वरित आयुष्य सुखासमाधानात घालवावं!"

टाळ्या पडल्या. घड्याळ दिलं. आमचे हेडक्लार्क डोळे पुसत होते. पुढच्या सोमवारी त्यांचाच निरोप होता.

दुसऱ्या दिवशी कन्या गॅलरीत, माझ्या आरामखुर्चीत पेपर उघडून बसलेली.

"दप्तर भरलंस का गं?" बायकोने विचारलं.

"मी निवृत्त झालेय, आई. बाबाने सगळ्यांसमोर सांगितलंय."

बायको माझ्याकडे वळली. "तुम्हीच काढलंत ना कामावरून? आता तुम्हीच परत घ्या."

"अगं, निवृत्त माणसाला असं परत घेता येत नाही. नियम आहेत."

"मग तुम्हीही बसा तिच्याशेजारी. शाळा उघडायच्या दिवशी ती घरात दिसली, तर गॅलरीचं दार बाहेरून... म्हणजे आतून लावीन."

मी बसलो. कन्येने पेपर खाली केला. "बाबा, निवृत्त झालेली माणसं करतात काय रे?"

"काय करणार? सकाळी नेहमीसारखी तयार होतात आणि जुन्या ऑफिसात येऊन बसतात. कोणी हाकलत नाही."

"कोणीच नाही?" तिने पुन्हा विचारलं. इथे मी सावध व्हायला हवं होतं.

पुढच्या सोमवारी शाळा उघडली. कन्या न उठवता उठली, न रडता तयार झाली. मी तिला मोठ्या शाळेच्या फाटकाशी सोडलं आणि विजयी मुद्रेने वळलो. थोड्याच वेळात शाळेतून फोन : मुलगी आलेलीच नाही.

मी धावत सुटलो. एक चप्पल वाटेत राहिली, तरी थांबलो नाही. जुन्या शाळेत, चौथीच्या वर्गात, शेवटच्या बाकावर कन्या बसलेली. भोवती पोरं. "आमच्या वेळी खडू असे तुटत नसत," ती सांगत होती.

"घंटाही हिनेच वाजवली," बाई म्हणाल्या. "वेळेच्या बरीच आधी."

तेवढ्यात पुढच्या बाकावरची एक चिमुरडी वळली. "ताई, मोठ्या शाळेत वर जायला जिना असतो ना? वर काय असतं?"

माहीत नसलेल्या विषयावर ठणकावून बोलायची कला कन्येने माझ्याकडून उचललेली नाही. तिने बराच विचार केला.

"उद्या सांगते," ती म्हणाली आणि दप्तर उचललं.

मोठ्या शाळेच्या फाटकाशी तिने हात सोडवून घेतला आणि मागे न बघता जिना चढून गेली. संध्याकाळी घरी आली ती बातमी घेऊनच : वर पाण्याची टाकी आहे, आणि टाकीपाशी एक मैत्रीण मिळते.

आता पदरचा तुकडा. धावत गेलो तो मी नव्हे, बायको. (चप्पलही तिचीच. ती अजून मागते आहे.) मी तेव्हा फोन बंद करून हेडक्लार्कांच्या निरोपाचं भाषण करत होतो. मन मात्र सकाळपासून त्या फाटकाशीच अडकलेलं. शेवटी मी हेडक्लार्कांना म्हणालो, "घाबरू नकोस हं बाळा. डबा संपव, जिन्यावरून पळू नकोस, आणि कोणी ओळखत नसेल तर आपणच नाव सांगायचं."

लोकांनी नेहमीच्या जागी नेहमीइतक्याच टाळ्या वाजवल्या. एकाचाही चेहरा हलला नाही. फक्त हेडक्लार्क उठले, माझा हात घट्ट धरला आणि म्हणाले, "इतकी वर्षं एका ऑफिसात काढली आपण. तुमचं भाषण आज पहिल्यांदा ऐकलं."