चहा आणणाऱ्याचं नाव

आमच्या कसबा बावड्यातल्या वाचनालयात एक सभासद असे आहेत, की त्यांनी पुस्तक परत केलं की मी आधी खोडरबर शोधते. चौगुले अण्णा. पोस्टमन म्हणून निवृत्त झाले, पण पत्ते घालायची सवय काही निवृत्त झाली नाही.

अण्णांना वेड इंग्रजी कादंबऱ्यांच्या मराठी अनुवादांचं. साहेबाचा बंगला आला, "नोकराने चहा आणला" हे वाक्य आलं, की अण्णांची पेन्सिल सुरू. समासात लिहितात, "धोंडिबा गावडे, मु. पो. चंदगड." वर पिनकोड! एका शिकारकथेत साहेबामागे बारा हमाल होते. बाराही जणांना नावं दिली आणि शेवटच्यापुढे लिहिलं, "मागनं येतोय. पाय मुरगाळलाय."

"अण्णा, लेखकानं नाव दिलेलं नाही, तुम्ही कोण देणारे?" मी कितीदा डोकं फोडलं असेल.

"साहेबाच्या कुत्र्याला दिलंय की! कुत्र्याला नाव हाय आनि च्या देनाऱ्याला न्हाय व्हय? बिननावाचं टपाल मी कधी टाकलं न्हाय, ताई."

एका रहस्यकथेत तर आमच्या दुसऱ्या सभासद देसाई काकूंनी शेवटपर्यंत धोंडिबावरच संशय घेतला. एवढा सविस्तर पत्ता दिलाय म्हणजे खुनी हाच, असं त्यांना वाटलं. आठवडाभर माझ्याशी भांडल्या. शेवटी मी अण्णांना बजावलं, यापुढे एक अक्षर जरी दिसलं तरी सभासदत्व बंद.

मागच्या सोमवारी त्यांनी लंडनच्या वृद्धाश्रमावरची कादंबरी परत केली. मी तिथेच उघडली. एका म्हाताऱ्या मडमेची खुर्ची "भारतीय नर्सने" खिडकीशी नेली होती. समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं, "सुवर्णा चौगुले, कसबा बावडा."

सुवर्णा अण्णांची मुलगी. नर्स म्हणून तिकडे गेली, त्याला चार वर्षं झाली. लहानपणी आमच्याच बाकावर बसून वाचायची.

मी रबर उचललं. कधी कुणाला न विनवणारे अण्णा टेबल धरून उभे राहिले. "ताई, बाकीची समदी पुसा. सभासदांतनं माझं नाव बी काढा. तेवढं एक ऱ्हाऊ द्या. फोनवर म्हनती, तिकडं नुसतं नर्स म्हनत्यात. दिवसभर नावानं कोन हाक मारत न्हाय."

मला भयंकर राग आला. कुणाचा, ते कळेना.

"पेन्सिल फिकट होते, अण्णा," मी खेकसले आणि माझं पेन पुढे सरकवलं.

अण्णांनी नाव सावकाश गिरवलं. मग खाली पिनकोड घातला.